नाशिक ते नागपूर विमानाने: अंतर ५४५ किलोमीटर, पण वेळ नक्की किती?

माझं माहेर नागपूर आणि सासर नाशिक, त्यामुळे हा प्रश्न मला नातेवाईक, शेजारी, ऑफिसमधले सगळेच विचारतात की विमानाने किती वेळ लागतो गं. अंतर सांगणारी कुठलीही साइट उघडली तर ५४५ किलोमीटरच्या आसपासचा आकडा दिसतो आणि खाली तासाभराची वेळ. तिकीट काढायला गेलं की मात्र तिथे दीड-पावणेदोन तास लिहिलेले असतात, आणि घरातून निघून घरात पोचेपर्यंतचं बघितलं तर साडेचार तास. तीन आकडे आणि तिन्ही बरोबर आहेत. मला ह्या विषयात मनापासून रस आहे, कारण आई-बाबा तिकडे आहेत, वय झालंय, आणि त्यांच्यापर्यंत किती वेळात पोचता येईल हा माझ्यासाठी रोजच्या जगण्यातला प्रश्न आहे. म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

आधी ते ५४५ कुठून येतं ते सांगते, कारण हे घरी कागद-पेन घेऊन काढता येतं आणि मुलांना दाखवायला तर मस्तच आहे. ओझरचा, म्हणजे नाशिकचाच, विमानतळ साधारण २० अंश ७ मिनिटं उत्तर अक्षांश आणि ७३ अंश ५५ मिनिटं पूर्व रेखांशावर आहे. नागपूरचा २१ अंश ६ मिनिटं आणि ७९ अंश ३ मिनिटं. विमानवाले आणि जहाजवाले अंतर नॉटिकल मैलात मोजतात आणि त्याचं कारण फार सुंदर आहे, अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. मग अक्षांशातला फरक ५९ मिनिटं, म्हणजे नागपूर ओझरच्या ५९ नॉटिकल मैल उत्तरेला. रेखांशातला फरक ५ अंश ८ मिनिटं म्हणजे ३०८ मिनिटं, पण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना जवळ जवळ येत जातात त्यामुळे आपल्या अक्षांशावर त्याला ०.९३६ ने गुणायचं (तो साडेवीस-एकवीस अंशाचा कोसाइन), येतात २८८. आता ५९ आणि २८८ ह्या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू, पायथागोरस लावला की कर्ण २९४. २९४ गुणिले १.८५२, झाले ५४५ किलोमीटर. पृथ्वी गोल आहे, त्यासाठी मोठी सूत्रं आहेत, पण एवढ्या अंतरासाठी शाळेतलं गणित पुरतं आणि उत्तर साइटवरच्या आकड्याला येऊन भिडतं. आठवीतल्या मुलीला हे करून दाखवलं तर तिने लगेच मैत्रिणीच्या गावाचं, मग दुबईचं काढायला घेतलं (दुबईला मात्र मोठं सूत्र लागतं).

आता नकाशावर पट्टी ठेवून ओझर ते नागपूर सरळ रेघ मारा. मी मारली तेव्हा थक्क झाले. रेघ मनमाडवरून जाते, मग चाळीसगाव आणि कन्नडच्या मधून, अजिंठ्याच्या लेण्यांच्या थोडं दक्षिणेकडून, बुलढाण्यावरून, थेट अकोल्यावरून, बडनेऱ्यावरून आणि नागपूर. रेल्वे मनमाडनंतर वर जळगाव-भुसावळला जाते, मलकापूर-शेगाव करत अकोला-बडनेऱ्याला ह्या रेघेला येऊन मिळते आणि मग पुन्हा खाली वर्ध्याला उतरून नागपूर गाठते. समृद्धी महामार्ग ह्या रेघेच्या खालून जातो, शिर्डी, वैजापूर, संभाजीनगर, जालना, सिंदखेडराजा, मेहकर, कारंजा, वर्धा. म्हणजे वर रेल्वे, खाली समृद्धी आणि मधून विमान. रेल्वेने नाशिकरोड ते नागपूर साधारण साडेसहाशे किलोमीटर भरतं, रस्त्याने सिन्नरजवळ समृद्धीला लागलात तर सहाशेच्या वर, आणि विमानाचं ५४५. खरं सांगू का, अंतरातला फरक एवढाच आहे, शंभरेक किलोमीटरचा. बाकी सगळा फरक वेगाचा आहे.

ओझर-नागपूर मार्गावर मार्च २०२३ मध्ये इंडिगोने विमान सुरू केलं ते एटीआर, म्हणजे पंख्याचं, ७८ सीटचं. बरेच लोक पंखे बघून आधी घाबरतात, जुनं विमान आहे का म्हणतात. अजिबात नाही. ते पंखे आधुनिक टर्बोप्रॉप इंजिनावर फिरतात आणि कमी अंतरासाठी हेच विमान योग्य आहे. मोठं एअरबस ए३२० तासाला साधारण अडीच टन इंधन जाळतं, एटीआरचं काम पाऊण टनाच्या आसपास भागतं. जेटला खरा फायदा पस्तीस हजार फुटांवर गेल्यावर मिळतो, पाचशे किलोमीटरच्या प्रवासात तेवढं वर चढून स्थिर होईपर्यंत उतरायची वेळ येते. एटीआर अठरा-वीस हजार फुटांवर समाधानाने जातं, त्याची कमाल मर्यादाच पंचवीस हजार. वेग मात्र कमी, ताशी ५१० किलोमीटरच्या आसपास, जेटचा आठशेच्या वर असतो.

मग ५४५ भागिले ५१०, साधारण ६४ मिनिटं. साइटवाल्यांचा तासभर आला तो असा. पण ही झाली विमान जणू हवेतच जन्मलं आणि हवेतच थांबलं असं धरून काढलेली वेळ. तिकिटावर जी असते तिला विमानवाले ब्लॉक टाइम म्हणतात, चाकांची अडसरं काढली तिथपासून पुन्हा लावली तिथपर्यंत. त्यात ओझरला धावपट्टीच्या टोकापर्यंत जायची सात-आठ मिनिटं, वर चढताना वेग कमी असतो त्याची पाच-सहा, नागपूरला उतरताना रांगेत लागून, वळसा घेऊन धावपट्टीच्या समोर यायची दहाएक, कारण नागपूरची धावपट्टी वायव्य-आग्नेय अशी तिरकी आहे आणि आपण येतो पश्चिमेकडून, आणि उतरल्यावर पार्किंगपर्यंतची पाच. झाले नव्वद-पंच्याण्णव. त्यावर कंपनी थोडी मोकळी वेळ धरून ठेवते म्हणजे थोडा उशीर झाला तरी वेळापत्रकात राहतो. म्हणून कधी कधी आपण वीस मिनिटं आधी पोचतो आणि सगळे खूश होतात.

आणि वारा. हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. हिवाळ्यात ह्या उंचीवर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणजे नागपूरला जाताना पाठीवर आणि परत येताना तोंडावर. समजा वारा पंचवीस नॉटचा आहे (म्हणजे तासाला पंचवीस नॉटिकल मैल), तर जाताना हवेतली वेळ ५९ मिनिटं आणि येताना ७१. नुसत्या वाऱ्याने बारा मिनिटांचा फरक! त्यामुळे जायची आणि यायची वेळ वेगळी छापलेली दिसली तर ती चूक समजू नका. पावसाळ्यात वेगळीच गोष्ट, ढग चाळीस-पन्नास हजार फुटांपर्यंत उभे असतात आणि एटीआर त्यांच्या वरून जाऊ शकत नाही, मग बाजूने वळसा. रडारवर ढग दिसला की पायलट तीस-चाळीस किलोमीटर बाजूला घेतो, ते बरोबरच आहे, पण तुमचे ५४५ त्या दिवशी ६०० होतात. एप्रिल-मे मध्ये नागपूरला पारा ४५ पर्यंत जातो तेव्हा दुपारी खालच्या थरात विमान हलतं बऱ्यापैकी, तापलेल्या जमिनीवरून हवा वर उसळत असते ना. आईला पहिल्यांदा घेऊन आले तेव्हा हे तिला आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणाले घाट लागलाय समज, दहा मिनिटांत संपतो, आणि ती शांत बसली हात धरून.

खिडकीबद्दल सांगायलाच हवं. एटीआरचे पंख खिडकीच्या वर असतात, त्यामुळे खालचं सगळं मोकळं दिसतं, आणि उंची कमी म्हणून ओळखता येतं. जाताना डावीकडची खिडकी घ्या, आणि शक्यतो मागची, कारण पंख्यांचा आवाज पुढे-मधे जास्त आणि मागे कमी, शिवाय ह्या विमानाचं प्रवाशांचं दार मागेच असतं. ऑक्टोबरमध्ये हवा धुतलेली असते तेव्हाचा प्रवास मला सगळ्यात आवडतो. ओझर सोडलं की द्राक्षबागांच्या रांगा दिसतात, शेततळ्यांचे निळे-काळे चौकोन, मनमाडला रेल्वेचे रूळ चारी दिशांना फुटलेले, त्याच्यापुढे लांब डावीकडे गिरणा धरणाचं पाणी. मग अजिंठ्याचा डोंगर येतो आणि एकदम जमीन खाली पडते, डावीकडे तापी-पूर्णेचं सपाट खोरं उघडतं, काळी माती, कापूस, आणि अगदी क्षितिजावर सातपुडा निळसर. अकोल्यापर्यंत आलं की मला आपलं आपलं वाटायला लागतं. हे सगळं बस किंवा ट्रेनमधून शेकडो वेळा बघितलेलं, पण हा डोंगर कुठे संपतो आणि वऱ्हाड कुठे सुरू होतं हे वरूनच कळतं.

आता मुंबईशी तुलना, कारण नाशिकचे लोक सर्रास म्हणतात की मुंबईला जाऊन विमान पकडू, तिकडे फ्लाइट भरपूर. मुंबई-नागपूर सरळ अंतर ६८३ किलोमीटर, आपल्यापेक्षा १३८ जास्त, पण तिथे जेट असतं त्यामुळे हवेतला वेळ पन्नासेक मिनिटांचाच हिशोब. तरी तिकिटावर वेळ पुन्हा दीड तासच दिसते, कारण मुंबईला धावपट्टीवर रांग लागलेली असते. म्हणजे विमानात दोन्हीकडे सारखाच वेळ. आणि त्या आधी नाशिकहून मुंबई विमानतळापर्यंत चार तास, कसाऱ्यात किंवा भिवंडीला अडकलात तर किती ते सांगता येत नाही. हे मी तरुण माणसाला कदाचित म्हणेन की जा बाबा, पण सत्तरीच्या माणसाला घेऊन? अजिबात नको.

घरापासून घरापर्यंतचा हिशोब असा. शहरातून ओझर वीसेक किलोमीटर, द्वारकेला किंवा आडगाव नाक्याला गर्दी धरून पाऊण तास. काउंटर तासभर आधी बंद होतं म्हणून सव्वा तास आधी पोचलेलं बरं. मग ते विमानातले शंभरेक मिनिटं. नागपूरला सामान लवकर येतं, वीस मिनिटांत बाहेर, आणि सोनेगाव, म्हणजे नागपूरचा विमानतळ, शहराला अगदी लागून असल्यामुळे अर्ध्या तासात घर (मेट्रोही आहे, विमानतळाजवळच स्टेशन आहे, हातात एकच बॅग असेल तर मेट्रोच घ्या). बेरीज २७० मिनिटं, साडेचार तास. ५४५ ला साडेचारने भागलं तर ताशी १२१ किलोमीटर. समृद्धीवर गाडीला जी १२० ची मर्यादा आहे ना, जवळपास तोच वेग! फरक इतकाच की गाडीने तो वेग सलग कोणी ठेवू शकत नाही आणि ठेवूही नये, थांबत थांबत आठ-नऊ तास लागतात. ट्रेनने विदर्भ एक्सप्रेसला रात्री बसलं की सकाळी नागपूर, दहा-अकरा तास, पण ते झोपेत जातात. मी स्वतः अजूनही निवांत असेन तर ट्रेननेच जाते. विमान मला त्या दिवसांसाठी हवं असतं जेव्हा सकाळी फोन येतो आणि संध्याकाळी तिथे असावंच लागतं.

तसा एक फोन आला होता. बाबांना दवाखान्यात ठेवलं होतं आणि नेमकं त्या दिवशी थेट विमान नव्हतं. बाबा स्वतःच फोनवर म्हणत होते, "तू कायले घाबरून राहिली, मी बरा आहो, सावकाश ये." सावकाश कसली येणार. पर्याय दिसत होता तो हैदराबादवरून, आणि ते बघून मला ह्या अंतराच्या आकड्यांचं खरं काय ते समजलं. नाशिक-हैदराबाद ५७३ किलोमीटर, हैदराबाद-नागपूर ४३३, बेरीज १००६. जवळपास दुप्पट, शिवाय मधे चार-पाच तास बसून राहायचं. साइट मात्र त्या दिवशीही ५४५ च दाखवत होती. मी शेवटी गाडीने गेले, नवऱ्याने चालवली, रात्री पोचलो, बाबा दोन दिवसांत घरी आले. पण माझं म्हणणं हेच आहे की दोन गावांमधलं विमानाचं अंतर तेव्हाच खरं असतं जेव्हा त्या दोघांमध्ये थेट विमान असतं आणि ते टिकतं.

टिकणं हाच आपल्याकडे मोठा प्रश्न आहे. लहान शहरं विमानाने जोडायची सरकारची उडान योजना २०१६ मध्ये जाहीर झाली, एप्रिल २०१७ मध्ये पहिली उड्डाणं झाली, त्यात आपलं नांदेड-हैदराबादही होतं. साधारण पाचशे किलोमीटर म्हणजे तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांची मर्यादा ठरवली, काही सीटसाठी, आणि कंपनीचा तोटा तीन वर्षं सरकार भरून देणार. कल्पना उत्तमच. नाशिकलाही डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनचं छोटं १९ सीटचं विमान मुंबईसाठी सुरू झालं, लोकांनी कौतुकाने फोटो काढले, आणि ती सेवा टिकली नाही. २०२३ च्या कॅगच्या (सरकारी खर्चाचे हिशोब तपासणारी संस्था) अहवालात ह्या योजनेचे आकडे आहेत, तेव्हापर्यंतच्या मार्गवाटपाच्या फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच होऊ शकले नाहीत, सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ नी तीन वर्षं पूर्ण केली आणि त्यानंतरही चालू राहिले ते ५४. हे वाचून मला खूप वाईट वाटलं. कारण प्रत्येक मार्गाच्या दोन्ही टोकांना कोणाचे तरी आई-बाबा आहेत, कोणाची तरी केमोची तारीख आहे, कोणाची परीक्षा आहे.

ओझरला तर सगळं आहे हो. एचएएलने, म्हणजे सरकारी विमान कारखान्याने, १९६४ पासून तिथे मिग, सुखोई अशी लढाऊ विमानं बनवली, त्यामुळे तीन किलोमीटरची धावपट्टी आधीपासून तयार, नवीन टर्मिनल दहा वर्षांहून जुनं झालं. आणि नागपूरबद्दल काय सांगू, १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानं सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, मद्रास, कलकत्ता अशा चारही बाजूंनी विमानं मध्यरात्री सोनेगावला यायची, पोती आणि प्रवासी अदलाबदल करून पहाटेपर्यंत आपापल्या शहरात परत. मुंबई ६८५, दिल्ली ८५५, मद्रास ९१०, कलकत्ता ९८५ च्या आसपास, ह्या चौघांना सोयीचं मधलं ठिकाण नागपूरच. पंचाहत्तर वर्षांपूर्वी ज्या गावाने अख्ख्या देशाची पत्रं एका रात्रीत पोचवली त्या गावाला आपल्याच राज्यातल्या नाशिकशी, कोल्हापूरशी, अमरावतीशी रोजच्या रोज जोडून ठेवणं जमायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईचं विमान सुरू झालं, तेही एटीआरच. आणि गंमत बघा, ओझर-नागपूरची ती सरळ रेघ बेलोऱ्याच्या डोक्यावरूनच जाते. अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी वाढवायची मागणीही बरीच जुनी आहे. पश्चिमेकडून निघालेलं एक विमान ह्या गावांना टेकत टेकत नागपूरला गेलं तर किती लोकांची सोय होईल, ह्यावर कोणीतरी बसून गणित मांडायला हवं.

आता ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे गेल्या वेळी सकाळी होतं म्हणून ह्याही वेळी सकाळीच असेल असं धरू नका, आणि रोज आहे की आठवड्यातले काहीच दिवस आहे हेही बघा. तिकीट काढताना मधे थांबा आहे का ते नीट वाचा, साडेसहा-सात तासांची वेळ दिसली तर ते हैदराबाद किंवा दुसरीकडून फिरवून नेणारं आहे. दिवाळीत आणि मे महिन्यात ७८ सीट भराभर संपतात, तेव्हा दीड-दोन महिने आधी काढा. वयस्कर माणूस सोबत असेल तर व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच नोंदवा. आणि दवाखान्यासाठी जात असाल तर ट्रेनचंही एक तिकीट काढून ठेवा, विमान वेळेवर सुटलं की रद्द करता येतं.